एका मतदारसंघात एकच प्रतिनिधी: अमेरिकी लोकशाहीचं मूळ दुखणं

प्रश्न असा आहे: जास्त मतं मिळवणारा उमेदवार अमेरिकेत हरू शकतो, हे लोकशाहीत चालतं कसं? अध्यक्ष निवडणारं राज्यांच्या प्रतिनिधींचं मंडळ, म्हणजे इलेक्टोरल कॉलेज, रद्द केलं की व्यवस्था सुधारेल का? आणि दोष सगळ्यांना दिसत असताना ते बदलत का नाहीत?

मी अमेरिकेतल्या एका काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, निवडणूक कार्यालयात बरीच वर्षं काम केलं. मतदार नोंदणी, मतपत्रिका तयार करणं, केंद्रांवरच्या लोकांचं प्रशिक्षण, मोजणी, फेरमोजणी, सगळं हाताखालून गेलं. त्या अनुभवावर सांगते: इलेक्टोरल कॉलेज जावं असं मलाही मनापासून वाटतं. पण ते उद्या गेलं तरी इथल्या बहुतेक मतदारांच्या मताला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, निवडणुकीत आज नाही ते वजन येणार नाही. खरी अडचण त्याच्या खाली आहे. एका मतदारसंघातून एकच माणूस निवडायचा, ज्याला एक मत जास्त त्याला सगळं आणि बाकीच्यांना काहीच नाही, ही ती अडचण. ती दूर करायला राज्यघटना बदलावी लागत नाही, साधा कायदा पुरतो. चर्चेत हा मुद्दा क्वचित येतो, म्हणून त्यावर सविस्तर लिहिते.

आधी अध्यक्षपदाचं. इलेक्टोरल कॉलेजमध्ये एकूण 538 सदस्य (इलेक्टर), जिंकायला 270. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्याचे सगळे इलेक्टर मिळतात. 2000 साली अल गोर यांना देशभरात पाच लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, पण फ्लोरिडातल्या 537 मतांनी जॉर्ज बुश अध्यक्ष झाले. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन 28 लाखांहून जास्त मतांनी पुढे होत्या. मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया या तीन राज्यांतल्या मिळून सुमारे 78 हजार मतांनी त्या हरल्या. 2020 मध्ये जो बायडन 70 लाख मतांनी पुढे असूनही ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिनमधली मिळून 45 हजारांपेक्षा कमी मतं फिरली असती, तर निकाल पुन्हा अडकला असता. 2024 मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना देशभरातही जास्त मतं मिळाली, म्हणून हा विषय मागे पडला. पण प्रचाराचा भर सातच राज्यांवर होता. कॅलिफोर्नियातल्या रिपब्लिकन मतदाराकडे किंवा टेक्सासमधल्या डेमोक्रॅट मतदाराकडे फारसं कुणी मत मागायला गेलं नाही, कारण त्यांच्या राज्याचा निकाल आधीच ठरलेला होता.

हे बदलायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. 1969 मध्ये थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधिगृहाने, प्रचंड बहुमताने मंजूर केली. अध्यक्ष निक्सन यांचा पाठिंबा होता. 1970 मध्ये वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, लांबणीवर टाकणाऱ्या भाषणांनी ती अडवली गेली आणि तिथेच संपली. दुसरी वाट राज्यांमधल्या कराराची. देशभरात जास्त मतं मिळवणाऱ्यालाच आपले इलेक्टर देऊ, असं ठरवलेल्या राज्यांचे मिळून 270 इलेक्टर झाले की हा करार लागू होईल. 2024 पर्यंत ती बेरीज 209 पर्यंत आली. सही करणारी राज्यं मुख्यतः डेमोक्रॅटिक आहेत, त्यामुळे पुढची 61 मतं फार कठीण आहेत.

सिनेटबद्दल थोडक्यात. 2020 च्या जनगणनेत वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाख होती आणि कॅलिफोर्नियाची सुमारे 3 कोटी 95 लाख. दोघांनाही दोनच सिनेटर. कुठल्याही राज्याची ही समानता त्या राज्याच्या संमतीशिवाय काढता येत नाही, असं राज्यघटनेतच लिहिलेलं आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि ज्यावर उत्तर नाही त्यावर शक्ती खर्च करू नये असं मला वाटतं.

प्रतिनिधिगृहाबाबत मात्र करण्यासारखं पुष्कळ आहे. जनगणनेनंतर मतदारसंघांचे नवे नकाशे आले की आमच्या कार्यालयात कितीतरी आठवडे एकच काम चाले: प्रत्येक पत्ता नव्या मतदारसंघात बसवायचा. एकाच रस्त्यावरची सम क्रमांकांची घरं एका प्रतिनिधीकडे, विषम क्रमांकांची दुसऱ्याकडे. इथली मतपत्रिका लांबलचक असते. वर अध्यक्ष, मग सिनेटर, काँग्रेसचा प्रतिनिधी, राज्याचे आमदार, न्यायाधीश, शेरीफ, शाळा मंडळ आणि तळाला सार्वमताचे प्रश्न. या सगळ्यांच्या हद्दी वेगवेगळ्या. हद्दी जिथे एकमेकींना छेदतात, तिथे प्रत्येक तुकड्यासाठी मतपत्रिकेची वेगळी आवृत्ती छापावी लागते. एकाच केंद्रावर चार-पाच आवृत्त्या ठेवायची वेळ आली की पहिली काळजी हीच, की घाईगर्दीत कुणाच्या हाती चुकीचा कागद जाऊ नये. शेजारी-शेजारी राहणारी माणसं केंद्रावर येऊन विचारायची, आमचे उमेदवार वेगळे का? खरं उत्तर मला माहीत होतं आणि पदावर असताना ते बोलता येत नव्हतं: त्यांच्या मतांची बेरीज होऊ नये म्हणूनच ती रेषा तिथे ओढलेली होती.

भारतात हद्दी परिसीमन आयोग ठरवतो, त्याच्या प्रमुखपदी सर्वोच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश असतात आणि संसदेला त्याच्या आदेशात फेरफार करता येत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत हे काम विधिमंडळातला बहुमतवाला पक्षच करतो. म्हणजे मतदाराने प्रतिनिधी निवडण्याआधी प्रतिनिधीने मतदार निवडलेले असतात. नॉर्थ कॅरोलायनात 2016 मध्ये नकाशाचं काम पाहणाऱ्या आमदाराने समितीत उघड सांगितलं होतं, की 13 पैकी 10 जागा आपल्या पक्षाला मिळाव्यात असा हा नकाशा आहे, आणि 11 मिळतील असा काढणं शक्य दिसत नाही. त्याच नकाशात ग्रीन्सबरो शहरातलं ए अँड टी स्टेट युनिव्हर्सिटी हे कृष्णवर्णीयांचं मोठं विद्यापीठ मधोमध कापलं गेलं. एकाच आवारातले विद्यार्थी दोन मतदारसंघांत विभागले आणि दोन्हीकडे अल्पमतात गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. 2019 मध्ये रुचो खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला, की पक्षीय फायद्यासाठी काढलेल्या नकाशांचा न्याय करणं हे केंद्रीय न्यायालयांचं काम नाही.

हा खेळ एकाच पक्षाचा नाही. इलिनॉयमध्ये डेमोक्रॅट पक्षाने 2021 मध्ये काढलेल्या नकाशाने त्यांना 17 पैकी 14 जागा दिल्या. टेनेसीत रिपब्लिकनांनी नॅशव्हिल शहराचे तीन तुकडे करून तिथली डेमोक्रॅट जागा पुसली. 2025 मध्ये तर जनगणनेची वाट पाहायचा संकेतही गेला. टेक्सासने मध्येच नवा नकाशा काढला, रिपब्लिकनांना आणखी पाच जागा मिळाव्यात म्हणून. उत्तरादाखल कॅलिफोर्नियाने नोव्हेंबरमध्ये मतदारांचा कौल घेऊन आपल्या स्वतंत्र नागरिक आयोगाचा नकाशा बाजूला ठेवला. मला या गोष्टीचं फार वाईट वाटलं. तो आयोग घडवायला लोकांनी 2008 आणि 2010 अशी दोनदा मतं दिली होती, आणि देशातलं ते चांगलं उदाहरण म्हणून आम्ही सगळ्यांना सांगत होतो.

इथे बरेच सुधारक थांबतात: नकाशे निःपक्ष आयोगाकडे द्या, प्रश्न मिटला. मलाही कित्येक वर्षं हेच पुरेसं वाटे. मॅसॅच्युसेट्सची आकडेवारी नीट पाहिल्यावर ते मत टिकलं नाही. तिथे प्रतिनिधिगृहाच्या नऊ जागा आहेत आणि नऊही डेमोक्रॅट पक्षाकडे. 1994 नंतर त्या जागांवर एकही रिपब्लिकन निवडून गेलेला नाही. पण 2024 मध्ये त्याच राज्यात ट्रम्प यांना 36% मतं होती. साहजिकच लबाडीचा संशय येतो. गणितज्ञ मून डचिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या निवडणुकांचे आकडे घेऊन तपासलं, तेव्हा दिसलं की रिपब्लिकन मतदार राज्यभर इतके सारखे पसरलेले आहेत, की काही निवडणुकांच्या आकड्यांवर त्यांच्या बहुमताचा एकही मतदारसंघ काढता येत नाही. नकाशा कितीही प्रामाणिकपणे काढा, एक तृतीयांश मतदारांच्या वाट्याला शून्यच. ओक्लाहोमात हेच उलट्या बाजूने: कमला हॅरिस यांना सुमारे 32% मतं आणि पाचही जागा रिपब्लिकन. दोष रेषेत आहेच, पण रेषेच्या आत एकच खुर्ची ठेवण्यात त्याहून मोठा आहे.

निकाल आधीच ठरलेल्या जागांवर खरी निवडणूक नोव्हेंबरमध्ये होतच नाही. ती पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या मतदानात, होते. आमच्याकडे नोव्हेंबरला सकाळी दार उघडण्याआधी रांग असे. प्रायमरीच्या दिवशी त्याच केंद्रांवर कर्मचारी जास्त आणि मतदार कमी अशी वेळ दुपारी हमखास येई. 2014 मध्ये प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते एरिक कँटर व्हर्जिनियात प्रायमरी हरले, तेव्हा एकूण मतं पडली होती सुमारे 65 हजार. लाखो लोकांच्या मतदारसंघाचा निर्णय तेवढ्यांनी केला. 2018 मध्ये न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांड्रिया ओकासिओ-कॉर्टेझ यांनी डेमोक्रॅट नेते जो क्राउली यांना हरवलं, तिथे तर 30 हजारांच्या आसपासच मतदान होतं. कोण जिंकलं हा इथे मुद्दा नाही. प्रत्येक खासदार यातून एकच धडा घेतो: समोरच्या पक्षाशी तडजोड केली तर नोव्हेंबरमध्ये काही होणार नाही, पण पुढच्या प्रायमरीत आपल्याच पक्षाचे कडवे मतदार घरी पाठवतील. वॉशिंग्टनमध्ये काम अडतं त्याचं मोठं कारण हे आहे.

मराठी वाचकांच्या ओळखीचं उदाहरण श्री ठाणेदार यांचं. बेळगावचा हा माणूस 2022 मध्ये डेट्रॉइटमधून काँग्रेसवर निवडून गेला, आणि त्याचा आनंद आपल्या सगळ्यांनाच झाला. पण त्या प्रायमरीत नऊ उमेदवार होते आणि ठाणेदारांना 28% च्या आसपास मतं पडली. मतदारसंघ डेमोक्रॅट पक्षाचा बालेकिल्ला, त्यामुळे पुढचा निकाल तिथेच लागला. उरलेल्या 72% लोकांची दुसरी पसंती कोण होती, हे कुणी विचारलंच नाही. मतपत्रिकेवर ते विचारायची सोय नव्हती. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेल्या डेट्रॉइटमधून जवळपास सत्तर वर्षांत पहिल्यांदाच काँग्रेसमध्ये कृष्णवर्णीय प्रतिनिधी उरला नाही. तिथल्या लोकांची खंत समजण्यासारखी आहे. यात ठाणेदारांचा दोष काहीच नाही, ते नियमांप्रमाणे जिंकले.

न्यू जर्सीत आपले पुष्कळ लोक आहेत, म्हणून तिथलंही सांगते. 21 पैकी 19 काउंट्यांमध्ये प्रायमरीच्या मतपत्रिकेवर पक्षाच्या स्थानिक पुढाऱ्यांनी पसंत केलेले उमेदवार एका ठळक ओळीत छापले जायचे आणि बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. मतपत्रिका मांडण्याचं काम मी केलेलं आहे. नाव कुठल्या रकान्यात आहे यावर किती मतं फिरतात हे मोजणीच्या रात्री स्पष्ट दिसतं. सिनेटसाठी उभे असलेले अँडी किम या पद्धतीविरुद्ध न्यायालयात गेले. मार्च 2024 मध्ये केंद्रीय न्यायाधीशांनी डेमोक्रॅट प्रायमरीसाठी तिला मनाई केली आणि पुढच्या वर्षी राज्याने कायदाच बदलला. तुमचे नातेवाईक तिथे मतदार असतील तर त्यांना जूनची प्रायमरी चुकवू नका म्हणून सांगा. कुठल्याच पक्षात नोंद नसलेल्या मतदाराला तिथे केंद्रावर जाऊन त्याच दिवशी पक्ष निवडता येतो.

आता उपाय. त्याची पहिली पायरी पसंतीक्रमाचं मतदान, म्हणजे उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देणं, आणि महाराष्ट्राला ते नवीन नाही. विधान परिषदेच्या आणि राज्यसभेच्या निवडणुकीत पहिल्या पसंतीची मतं, कोटा, दुसऱ्या पसंतीची मतं हे शब्द दर वेळी बातम्यांत असतात. जून 2022 ची राज्यसभा निवडणूक आठवा. शिवसेनेचे संजय पवार पहिल्या पसंतीत पुढे होते आणि भाजपचे धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले. तीच पद्धत साध्या मतदारांच्या हातात द्यायची, एवढंच.

मेन राज्याने ती 2016 च्या सार्वमतात स्वीकारली. त्याला कारण होतं: 2010 मध्ये तिथे पॉल लपाज 38% पेक्षाही कमी मतांवर गव्हर्नर झाले होते, कारण विरोधी मतं दोघांत फुटली. 2018 मध्ये काँग्रेसच्या एका जागेवर ब्रूस पोलिक्विन पहिल्या फेरीत सुमारे दोन हजार मतांनी पुढे होते, पण कुणालाच निम्मी मतं नव्हती. दोन अपक्ष बाद झाले, त्यांच्या मतदारांची पुढची पसंती मोजली गेली आणि जॅरेड गोल्डन साडेतीन हजारांनी जिंकले. पोलिक्विन न्यायालयात गेले. पद्धत घटनेला धरूनच आहे असा निकाल लागला.

अलास्काने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे सगळ्या पक्षांची मिळून एकच प्रायमरी असते, पहिले चार पुढे जातात आणि नोव्हेंबरला पसंतीक्रमाने मतदान होतं. 2021 च्या महाभियोगात ट्रम्प यांच्याविरुद्ध मत देणाऱ्या सात रिपब्लिकन सिनेटरांपैकी 2022 मध्ये फक्त लिसा मुर्कोव्स्की मतदारांसमोर गेल्या, आणि जिंकल्या. बंद पक्षीय प्रायमरीत त्या टिकल्या असत्या असं मला वाटत नाही. या पद्धतीवरचा एक आक्षेप मात्र खरा आहे आणि तो लपवू नये. अलास्कातच ऑगस्ट 2022 च्या पोटनिवडणुकीत मेरी पेल्टोला जिंकल्या, सारा पेलिन दुसऱ्या आल्या आणि निक बेगिच तिसरे येऊन बाद झाले. मतपत्रिकांची नोंद तपासली तर बेगिच यांनी समोरासमोर दोघींनाही हरवलं असतं. सर्वांना चालणारा उमेदवार पहिल्या पसंतीत मागे पडला की असं होऊ शकतं. आजच्या पद्धतीत हे याहून अधिक वेळा होतं, हा माझा त्यावरचा जबाब आहे. पण पसंतीक्रम निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही.

शिवाय एकाच जागेसाठी पसंतीक्रम वापरून मॅसॅच्युसेट्सचा प्रश्न सुटत नाही. 36% वाले तिथे शेवटच्या फेरीतही हरतील. म्हणून दुसरी पायरी हवी: मोठा मतदारसंघ, त्यात तीन ते पाच जागा आणि राज्यसभेसारखा कोटा, म्हणजे निवडून यायला पुरेशी ठरणारी मतसंख्या. तीन जागा असतील तर एक चतुर्थांशाहून एक मत जास्त मिळवणारा निवडून येतो. मॅसॅच्युसेट्सच्या नऊ जागांचे असे तीन मतदारसंघ केले तर प्रत्येकात रिपब्लिकनांना एक जागा मिळण्याची चांगली शक्यता आहे. ओक्लाहोमाच्या पाच जागा एकत्र केल्या तर डेमोक्रॅटांना एक नक्की, आणि दुसरीही आवाक्यात. मग रेषा इकडे ओढा की तिकडे, फारसा फरक पडत नाही. नकाशाची लबाडी करण्यातला फायदाच संपतो.

पुण्यासारख्या शहरातल्या चार सदस्यांच्या प्रभागाशी याची गल्लत करू नका. तिथे अ, ब, क, ड अशा प्रत्येक जागेचं मतदान वेगळं असतं, त्यामुळे एकच पॅनेल चारही जागा नेऊ शकतं. ती पद्धत अल्पमतवाल्यांना आणखी मारक आहे, आणि अमेरिकेच्या दक्षिणेत कृष्णवर्णीयांची मतं बुडवायला तशाच पद्धतीचा वापर झाला. काँग्रेसने 1967 मध्ये प्रत्येक मतदारसंघाला एकच प्रतिनिधी अशी सक्ती केली, त्यामागे ही भीतीही होती. भीती योग्य होती. पण त्या कायद्याने कोट्याच्या पद्धतीचंही दार बंद केलं.

हे अमेरिकेला परकं आहे असं कुणी म्हणालं तर इलिनॉय दाखवावं. तिथल्या विधिमंडळाच्या खालच्या सभागृहात 1870 पासून 1980 पर्यंत तीन जागांचे मतदारसंघ होते. मतदाराला तीन मतं, आणि हवी तर तिन्ही एकालाच देता येत. त्यामुळे शिकागोतून रिपब्लिकन आणि ग्रामीण भागातून डेमोक्रॅट निवडून येत राहिले, आणि प्रत्येक पक्षात शहराची नि गावाची दोन्ही माणसं बसत. दोषही होते, कधी कधी दोन्ही पक्ष मिळून तीनच उमेदवार देत आणि लढत उरतच नसे. शेवटी आमदारांनी स्वतःची पगारवाढ करून घेतल्यावर लोक संतापले, आणि सभागृह लहान करण्याच्या दुरुस्तीबरोबर ही पद्धतही गेली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहराची नऊ जणांची परिषद मात्र 1941 पासून पसंतीक्रम आणि कोट्याने निवडली जाते. ओरेगनमधल्या पोर्टलंडने 2024 मध्ये चार मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा अशी सुरुवात केली.

मग बदल का होत नाही? ज्यांनी कायदा बदलायचा, ते सगळे आजच्या नियमांवर निवडून आलेले असतात. 2024 मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेव्हाडा आणि ओरेगन या राज्यांत मतदारांनीच पसंतीक्रमाचे प्रस्ताव नाकारले, आणि अलास्कात पद्धत रद्द करण्याचा प्रस्ताव साडेसातशेपेक्षाही कमी मतांनी पडला. नवी मतपत्रिका गोंधळात टाकेल ही लोकांची भीती प्रामाणिक आहे. ती माहितीपत्रकाने जात नाही, स्वतः एकदा मत देऊन पाहिल्यावर जाते. म्हणूनच सुरुवात शहरांपासून व्हावी असं माझं मत आहे. न्यूझीलंडने 1993 च्या सार्वमतात पद्धत बदलली, कारण 1978 आणि 1981 अशा लागोपाठ दोन निवडणुकांत कमी मतं मिळवणारा पक्ष सत्तेत आला होता आणि लोकांना त्याची चीड आली होती.

अमेरिकेत आज दोन्ही पक्षांत दुखावलेले लोक आहेत. टेक्सासमधले डेमोक्रॅट आणि कॅलिफोर्नियातले रिपब्लिकन यांच्या जागा नव्या नकाशांनी एकाच वर्षात धोक्यात आणल्या. कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन खासदार केव्हिन काइली यांनी दोन जनगणनांच्या मध्ये नकाशे बदलायला देशभर बंदी घालणारं विधेयक मांडलं. डेमोक्रॅट खासदार डॉन बायर यांचं बहुसदस्यीय मतदारसंघांचं विधेयक 2017 पासून पुन्हा पुन्हा मांडलं जातंय आणि मतदानापर्यंत पोहोचत नाही. ही दोन्ही विधेयकं विरुद्ध पक्षांच्या माणसांनी मांडलेली आहेत. सुधारणेचं काम करणाऱ्या संघटनांनी या दोघांना एका टेबलाशी बसवावं, आणि मागणी छोटी ठेवावी: 1967 च्या कायद्यात एक कलम घाला, की जे राज्य कोट्याची पद्धत वापरेल त्याला एकाहून जास्त जागांचे मतदारसंघ करायची मुभा राहील. सक्ती कुणावरच नको. एखाद्या राज्याने 2030 च्या जनगणनेनंतर तो प्रयोग करायचा ठरवला, तर तिथल्या काउंटी कार्यालयांना तयारीला पुरेसा वेळ मिळेल.